व्हीलचेअर घेताना: आधी अंगाचं माप, मग रस्त्याचं, मोटर सगळ्यात शेवटी

कोल्हापुरात चप्पल घ्यायची तर माणूस चप्पल लाईनीत चार दुकानं फिरतो. पाऊल घालून बघतो, दोन पावलं चालतो, करकर वाजते का ऐकतो आणि तरीही दुकानदाराला विचारतो, "चार दिवसांत सैल होईल न्हवं?" हाच माणूस घरच्यासाठी व्हीलचेअर आणायला गेला की मेडिकलच्या दुकानात एकच प्रश्न विचारतो, "केवढ्याला हाय?" मग ती घडी घालून रिक्षात टाकतो आणि घरी येतो.

मीही तसंच केलं. म्हणजे घरच्यांनी केलं, मी तेव्हा पाठीवर पडून होतो. मणक्याला मार लागून कमरेखालची हालचाल आणि संवेदना दोन्ही गेल्या होत्या. आणलेली खुर्ची होती १८ इंची बैठकीची, दवाखान्यात असते तसली. माझं कंबरडं १४ इंचांचं. उरलेल्या चार इंचांत मी कधी डावीकडे, कधी उजवीकडे कलंडून बसायचो. सहा महिन्यांत माकडहाडावर बेडसोअर, म्हणजे दाबाने पडणारी जखम, झाला आणि तीन महिने पालथं झोपून काढले. चप्पल चावली की कळतं, चार दिवसांनी ती सैलही होते. खुर्ची सैल होत नाही. उलट तिच्या आकाराला आपण वाकडे होतो, आणि खाली संवेदना नसेल तर ती चावतेय हे कळतही नाही.

त्यामुळे कुणी "बाजारात मोटर लावायची नवी अटॅचमेंट आलीय, कोणती घेऊ?" असा फोन केला की मी आधी विचारतो, "खुर्ची मापाची आहे का?" नसेल तर मोटर लावून चुकीच्या खुर्चीतच जरा लवकर पोचाल, एवढंच.

पहिल्यांदा वही काढा

दुकानात जाण्याआधी बसणाऱ्याचा एक साधा दिवस लिहून काढा. सकाळी कॉटवरून खुर्चीत कसं येतो, स्वतः की उचलून? दिवसातून किती तास बसतो? चाक हाताने ढकलू शकतो का, दोन्ही हातांनी? धड आपणहून सरळ राहतं की एका बाजूला झुकतं? संडास-बाथरूमला खुर्ची आत जाते का? आठवड्यात घराबाहेर कितीदा पडतो आणि कुठे?

या उत्तरांवर निम्मी निवड होऊन जाते. महिन्यातून एकदा तपासणीला सीपीआर या सरकारी दवाखान्यात जाणारी आणि घरात काठी धरून चालणारी आजी असेल, तर लहान चाकांची, मागून ढकलायची हलकी खुर्ची पुरते. दिवसाचे दहा तास बसून काम करणाऱ्या माणसाला तीच दिली, तर त्याला दुसऱ्याच्या हातावर अवलंबून ठेवल्यासारखं होतं. अर्धांगवायूत एक हात आणि एक पाय चालत असेल, तर बैठक खाली हवी. चांगला पाय जमिनीला पूर्ण टेकला पाहिजे, म्हणजे माणूस पायाने रेटत घरभर फिरतो. ही साधी गोष्ट फार थोडे दुकानदार सांगतात. दोन्ही पाय मांडीपासून कापलेले असतील, तर पुढचं वजन गेल्यामुळे खुर्ची मागे उलटू शकते. तिथे मागच्या चाकांचा आस आणखी मागे सरकवून घ्यावा लागतो.

आणि लहान मुलांसाठी "वाढत्या अंगाची" खुर्ची घेऊ नका. शाळेचा शर्ट दोन इंच मोठा चालतो. मोठ्या खुर्चीत वाढणारं मूल मात्र वाकड्या कण्यानं वाढतं. बैठक आणि पायपट्टी लांबवता येणारी चौकट मिळते, ती घ्या आणि दर सहा महिन्यांनी माप बघा.

माप घेण्याची रीत

मापाला कापडाचा टेप, दोन जाड पुस्तकं आणि एक कडक बाक किंवा पाट घातलेली खुर्ची लागते. मऊ गादीवर बसवून माप घेतलं की ते चुकणारच. फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट जवळ असेल तर उत्तम, नसेल तर घरच्या दोघांनी मिळून घ्या आणि प्रत्येक माप दोनदा मोजा.

रुंदी आधी. माणसाला सरळ बसवा, दोन्ही कुल्ल्यांना बाहेरून पुस्तकं उभी टेकवा आणि दोन पुस्तकांमधलं अंतर मोजा. त्यात फार तर एक इंच मिळवा. "हिवाळ्यात स्वेटर घालतो" म्हणून तीन इंच वाढवू नका. रुंद खुर्चीत माणूस एका कुल्ल्यावर बसतो, कणा वाकतो आणि चाकापर्यंत पोचायला हात बाहेर पसरावे लागतात. दहा वर्षांनी त्या पसरलेल्या हातांचे खांदे बोलायला लागतात.

मग खोली, म्हणजे कुल्ल्याच्या मागच्या टोकापासून गुडघ्याच्या लवणापर्यंतचं अंतर. त्यातून दीड-दोन इंच वजा करा. बैठकीची पुढची कड आणि गुडघ्याची लवण यांच्यात दोन-तीन बोटं सहज जायला हवीत. दोन्ही पाय वेगवेगळे मोजा, फरक असतो. खोली जास्त झाली की लवणीला कड लागते आणि ती टाळायला माणूस पुढे घसरतो. सगळा भार मग माकडहाडावर येतो आणि कातडी ताणली जाते. माझा बेडसोअर असाच झाला.

पायाचं माप लवणीपासून टाचेपर्यंत, रोजची चप्पल किंवा बूट घालून घ्यायचं. त्यातून बसल्यावर दबलेल्या कुशनची जाडी वजा करायची. पायपट्टी फार वर असेल तर गुडघे उचलले जातात आणि बैठकीच्या दोन हाडांवर भार येतो. फार खाली असेल तर पाय लोंबकळून माणूस पुढे ओढला जातो. आणि पट्टी जमिनीपासून किमान दोन इंच वर राहिलीच पाहिजे, नाहीतर आपल्या रस्त्यावरचा पहिलाच गतिरोधक तिला धरेल.

पाठ किती उंच? हाताने चाक ढकलणारा असेल तर खांद्याच्या फऱ्याच्या खालच्या टोकाच्या जरा खाली, म्हणजे फरे मोकळे हलतात. धड डळमळत असेल तर आणखी वर, गरज पडली तर बाजूचे आधारही.

शेवटचं माप खुर्चीत बसल्यावर दिसतं. हात चाकाच्या सगळ्यात वरच्या टोकावर ठेवा. कोपर काटकोनापेक्षा थोडा उघडा, साधारण १०० ते १२० अंशांत हवा. कोनमापक कुठला शोधता? हात सरळ खाली सोडा. बोटांची टोकं चाकाच्या आसापाशी आली की जमलं.

कुशन ही वेगळी खरेदी

खुर्चीबरोबर जी दोन इंची स्पंजची गादी येते, तिला कुशन म्हणणं धाडसाचं आहे. ज्याला संवेदना नाही किंवा जो दिवसभर बसतो, त्याने कुशनचा खर्च वेगळा धरावा. पैसे कमी पडले तर खुर्चीचा रंग, मऊ हातपट्टी असल्या गोष्टी सोडा, कुशन सोडू नका.

फोमचं स्वस्त आणि स्थिर असतं, पण ते बसतं आणि वर्षा-दोन वर्षांत बदलावं लागतं. जेलचं वजनाला जड. हवेच्या कप्प्यांचं कातडीला सगळ्यात चांगलं, पण त्यात हवा नीट भरली आहे का हे रोज बघायची शिस्त हवी. हवा जास्त झाली की ते दगड होतं, कमी झाली की माणूस तळाला टेकतो. मधे भोक असलेली रबरी रिंग कुणी प्रेमाने आणून दिली तर हात जोडून परत करा. भोकाच्या कडेने रक्तपुरवठा अडतो आणि फायद्याऐवजी नुकसान होतं.

कुशन चालतंय का याची चाचणी हाताने करता येते. माणूस बसलेला असताना तळहात वर करून कुशन आणि बैठकीच्या हाडाच्या मधे बोटं सरकवा. बोटांची टोकं अर्धा सेंटिमीटर वरखाली हलवता आली तर ठीक. हलत नाहीत पण हात सहज निघतो, तर सावध राहा. बोटं चिमटली तर ते कुशन त्या माणसासाठी नाही.

कुठलंही कुशन असो, दर १५ ते ३० मिनिटांनी पुढे गुडघ्यांवर किंवा बाजूला झुकून मिनिट-दोन मिनिटं भार हलका करायचा. रात्री आरशाने किंवा घरच्यांकडून कातडी बघून घ्यायची. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर तो पूर्ण जाईपर्यंत त्या भागावर बसायचं नाही, लग्न असो की मार्च एंड.

आता घराचं आणि रस्त्याचं माप

१६ इंची बैठक म्हणजे १६ इंची खुर्ची नव्हे. साध्या घडीच्या खुर्चीत चाकं आणि हाताने ढकलायची बाहेरची कडी धरून सात-आठ इंच वाढतात आणि त्यात हाताची बोटं वेगळी. आमच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या घरात बाथरूमचं दार बरोबर दोन फुटी आहे. दार फोडण्याआधी खुर्ची अरुंद करता येते का, हे बघितलेलं बरं. मापाची घेतल्यावर आमचं दार वाचलं.

उतरत्या फळीचा नियम एकास बाराचा, म्हणजे एक इंच चढाला बारा इंच लांबी. दोन इंची उंबऱ्याला दोन फुटी फळी झाली. दाराला तीन पायऱ्या मिळून १८ इंच उंची असेल तर १८ फूट लागतात. आमच्या गल्लीत १८ फुटी उतार काढला तर तो समोरच्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन थांबेल. अशा ठिकाणी सुटी, जास्त चढाची फळी मदतनीस असतानाच वापरायची. चढताना तोंड पुढे, उतरताना खुर्ची उलटी करून मदतनीस खालच्या बाजूला.

रस्त्यासाठी बघायची ती पुढची छोटी चाकं. पाच इंची, कडक, बारीक चाक फरशीवर भिंगरीसारखं वळतं आणि पेव्हर ब्लॉकच्या फटीत, गटारीच्या जाळीत रुततं. खुर्ची जागीच थांबते, माणूस पुढे जातो. बाहेर फिरणाऱ्याने सात-आठ इंची, जरा रुंद चाक घ्यावं. मागच्या चाकाला हवेचं टायर की भरीव? पंक्चरच्या कंटाळ्याने सगळे भरीव मागतात, पण खड्ड्यांचा दणका ते थेट कण्याला देतं. मी हवेचंच घेतो. २४ इंची चाकाला सव्वा ते दीड इंच रुंदीचं चालू मापाचं टायर असेल तर ट्यूब सायकलच्या दुकानात मिळते आणि पंक्चर कोपऱ्यावर निघतं. मागवण्याआधी टायरवरचा आकडा वाचा. परदेशी मापाचं असेल तर एका ट्यूबसाठी आठवडाभर घरी बसाल.

घडीची की पक्क्या चौकटीची, हा वाद लांबवू नका. दवाखान्यातली लोखंडी खुर्ची १८-२० किलोंची भरते, मापाने केलेली पक्क्या चौकटीची ॲल्युमिनियमची बरीच हलकी. पक्क्या चौकटीची घडी होत नाही, पण मागची चाकं बटण दाबून निघतात, पाठ पुढे दुमडते आणि रिक्षात मागच्या सीटवर ती मावते. मी बिंदू चौकातून अशी कितीतरी वेळा गेलोय. रिक्षावाल्याला चाक काढायचं बटण एकदा दाखवलं की पुढच्या वेळी तोच दुसऱ्या रिक्षावाल्याला शिकवतो.

मोटर: कुणाला, कसली

आधी "कुणाला" बघू. अटॅचमेंट चालवायला दोन्ही हातांची पकड लागते, एक वेगाला आणि दोन्ही ब्रेकला. शिवाय धड स्थिर हवं आणि नजर चांगली हवी. फिट येत असतील, हात थरथरत असतील, एक बाजू लुळी असेल, तर अटॅचमेंटचा नाद सोडा. त्यांच्यासाठी जॉयस्टिकची पूर्ण इलेक्ट्रिक खुर्ची आहे. ती जड असते, पायऱ्या असलेल्या घरात दोघांनाही उचलायला भारी पडते, पण एका हाताच्या बोटांवर चालते. ज्याचे हात आज चांगले आहेत पण खांदे दुखायला लागलेत आणि ज्याला रोज दोन-चार किलोमीटर जायचंय, त्याला अटॅचमेंट लाभते. मी त्यातला. मंगळवार पेठेतून मिरजकर तिकटी, लक्ष्मीपुरी करत शाहूपुरीत कामाला जातो.

प्रकार मुख्यतः तीन. मोटर असलेलं एक चाक हँडलसकट पुढे अडकवायचं, मग खुर्चीची छोटी चाकं अधांतरी होतात आणि ती तीनचाकी बनते. खराब रस्त्याला हाच प्रकार बरा, कारण खड्ड्यात जाणारं पुढचं चाक मोठं असतं. दुसरा, बैठकीखाली मागे अडकवायचं छोटं ढकलणारं चाक. ते हलकं, सुटसुटीत आणि गुळगुळीत जागी झकास, पण छोटी चाकं जमिनीवरच राहतात, म्हणजे खड्ड्यांचा प्रश्न तसाच. तिसरा, मोटर मागच्या चाकांच्या आतच. हात मारला की ती जोर पुरवते. महाग आणि चाकं जड.

भारतात बनलेल्यांत आयआयटी मद्रासमधल्या संशोधनातून निघालेल्या नियोमोशनची जोडी बऱ्याच जणांनी पाहिली असेल: मापाने बनणारी नियोफ्लाय खुर्ची आणि तिला पुढे लागणारी नियोबोल्ट, ताशी २५ किलोमीटरपर्यंत जाणारी. खुर्ची आणि मोटर एकमेकांसाठीच बनवलेली असणं, हा अशा जोडीचा खरा फायदा. आपल्या जुन्या घडीच्या खुर्चीला कुठलीतरी अटॅचमेंट लावायची असेल, तर आधी चौकटीच्या नळीचा व्यास आणि आकार कळवा आणि त्या नळीला पकड बसते का, हे उत्पादकाकडून लेखी घ्या. घडीची चौकट मधल्या कैचीवर हलते. पुढून ओढ आली की ती पिळवटते आणि काही महिन्यांत बोल्ट ढिले होतात.

"मग आपल्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपात पट्टी करून घेऊ की!" असं कुणीतरी म्हणतंच. उद्यमनगरात काय वाट्टेल ते बनतं, मान्य. स्टीलच्या खुर्चीला जाणत्या माणसाकडून क्लॅम्प करून घ्यायलाही हरकत नाही. पण ॲल्युमिनियमच्या चौकटीला वेल्डिंग लावू देऊ नका. ती नळी उष्णतेची प्रक्रिया करून टणक केलेली असते. वेल्डिंगच्या शेजारी ती मऊ पडते आणि वरून काहीच दिसत नाही.

चाचणी दुकानाच्या फरशीवर नको

पुढे चाक असलेल्या अटॅचमेंटची गोम चढावर कळते. माणसाचं बहुतेक वजन मागच्या दोन चाकांवर असतं, ओढणारं चाक मात्र पुढे. चढ लागला की वजन आणखी मागे जातं, पुढचं चाक हलकं होतं आणि ओल्या किंवा खडी असलेल्या रस्त्यावर जागच्या जागी फिरत राहतं. मी पहिल्यांदा मित्राची अटॅचमेंट उसनी घेऊन टेंबलाई टेकडीच्या चढाला लागलो आणि निम्म्यात चाक गरगर फिरायला लागलं. पुढे हँडलवर ओणवलो तेव्हा ते पुन्हा धरलं. धड पुढे झुकवता न येणाऱ्या माणसाला तिथेच अडकावं लागलं असतं. म्हणून चाचणी तुमच्या रोजच्या वाटेवरच्या सगळ्यात वाईट चढावर मागा, एक माणूस मागे ठेवून. पावसाळ्यात मिळाली तर सोन्याहून पिवळं.

उतारावर ब्रेक दाबून बघा. बरेच ब्रेक फक्त पुढच्या चाकाला असतात. थांबल्यावर उतारावर उभी राहील असा पार्किंग ब्रेक आहे का, तेही पाहा. वळण सावकाश घ्या. तीनचाकी वेगात वळली की बाहेरच्या बाजूला उलटते, आणि आपण पट्ट्याने तिला बांधलेले असतो. गर्दीत मी ताशी आठ-दहा किलोमीटरच्या वर जात नाही. महाद्वार रोडवर सणासुदीला तर अटॅचमेंट काढून ठेवून हातानेच जातो. गल्लीत वळायला जागा नसते, म्हणून रिव्हर्स गिअर असेल तर घ्या. दिवा, हॉर्न आणि मागे लाल दिवा असलाच पाहिजे, कारण ट्रकवाल्याला आपण फार खाली दिसतो.

आणि पाय बांधा. संवेदना नसलेला पाय पट्टीवरून कधी घसरला ते कळत नाही, आणि वेगात तो रस्त्याला लागला तर हाड मोडेपर्यंत कळत नाही. पोटरीमागे एक पट्टा, पावलांवर एक.

अटॅचमेंट एकट्याने लावता-काढता येते का, हे दुकानदाराने दाखवून उपयोग नाही. तुम्ही, तुमच्या खुर्चीत बसून, तीनदा करून बघा. दरवेळी शेजारच्या पोराला हाक मारावी लागणार असेल तर ती स्वतंत्रता कसली?

बॅटरीचा हिशेब

व्होल्टला अँपिअर-अवरने गुणलं की वॉट-अवर निघतात. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवर म्हणजे ३६० वॉट-अवर. दोन बॅटऱ्यांची तुलना या आकड्यावर करा. कंपनीचे किलोमीटर सपाट रस्त्याचे, नव्या बॅटरीचे आणि बेताच्या वजनाच्या माणसाचे असतात. मी त्याच्या निम्मे धरून निघतो. जोतिबाच्या घाटाला तर निम्मेही धरू नये. विमानाने जायचं असेल तर काढता येणाऱ्या लिथियम बॅटरीला साधारण ३०० वॉट-अवरची मर्यादा आहे. तिकीट काढण्याआधी विमान कंपनीला कळवा.

चार्जर तिचाच वापरा. उन्हातून आल्या आल्या लावू नका, भिजली असेल तर कोरडी होईपर्यंत थांबा, आणि रात्री झोपायच्या खोलीत, दाराजवळ चार्जिंगला ठेवू नका. पावसात चालणं वेगळं आणि पाण्यात घालणं वेगळं. परीख पुलाखाली पाणी तुंबलं की मी मुकाट्याने मागे फिरतो, कारण चाकाच्या मधल्या हबमध्ये पाणी गेलं तर बेअरिंग आणि मोटर दोन्ही जातात. २०१९ आणि २०२१ चा महापूर बघितलेल्यांना सांगायला नको, पण नदीकडच्या वस्तीत तळमजल्यावर राहणाऱ्यांनी बॅटरी आणि चार्जर जुलै-ऑगस्टात माळ्यावरच ठेवावेत.

पैसे कुठून

दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आधी काढून घ्या, त्याशिवाय पुढचं काही हलत नाही. केंद्राच्या एडीआयपी योजनेत उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना साधनं मिळतात. ती बहुतेक कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीची असतात आणि मापं ठरावीक. इथे एक नियम लक्षात ठेवा: एकदा साधन घेतलं की त्याच कारणासाठी पुढची तीन वर्षं पुन्हा मिळत नाही (बारा वर्षांखालच्या मुलांना एक वर्ष). म्हणून शिबिरात "घ्या, फुकट आहे" म्हणून १८ इंची हातात ठेवली तर तिथेच सांगा, माझं माप हे आहे. वहीतलं पान दाखवा. तीन वर्षं चुकीच्या खुर्चीत घालवण्यापेक्षा पुढच्या शिबिराची वाट बघितलेली परवडते. महापालिका, नगरपालिका आणि ग्रामपंचायतींना आपल्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवावा लागतो. त्यासाठीही लेखी अर्ज करा आणि पोच घ्या.

आणि माहितीला, धीराला माणसं हवी असतील तर आपल्याच गावात आहेत. स्वतः व्हीलचेअरवर असलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये इथे हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली. वर्षानुवर्षं खुर्ची वापरणाऱ्या माणसाशी अर्धा तास बोलणं दहा माहितीपत्रकांपेक्षा उपयोगाचं ठरतं.

घरी आल्यावर

पंधरा दिवसांनी पुन्हा माप घ्या. कुशन दबतं, माणूस सरळ बसायला लागतो, पायपट्टी अर्धा इंच हलवावी लागते. आठवड्याला टायरची हवा आणि ब्रेक बघा. हवा कमी झाली की खुर्ची जड तर होतेच, शिवाय टायरला टेकून धरणारा ब्रेक सुटतो आणि खुर्चीतून उतरताना ती सरकते. महिन्याला बोल्ट आवळा आणि अटॅचमेंटची पकड बारकाईने बघा. बेअरिंगवर कोरलेला नंबर वहीत लिहून ठेवा. तो सांगितला की बेअरिंगच्या दुकानात दोन मिनिटांत काम होतं, नाहीतर चाक घेऊन फिरावं लागतं.

आणि पुढची छोटी चाकं एकाएकी जड फिरायला लागली तर लगेच बेअरिंगला दोष देऊ नका. चाक काढा. आत बहुतेक वेळा घरातल्या बायकांचे केस आणि साडीचे दोरे घट्ट गुंडाळलेले सापडतात. ब्लेडने कापून काढायचे आणि चाक परत लावायचं.